रेकॉर्ड नव्हती, मी होते

४ जानेवारी, रविवार. आर्णी.

सकाळी तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. मोबाइल वाजला. नेरच्या ग्रुपवर टॉकीजवाल्या राजू शेठचा भलामोठा मेसेज. माहेरची खबर म्हणून चष्मा लावून वाचला. टॉकीज पाडणार, तिथे मंगल कार्यालय होणार. त्याआधी २५ तारखेला, रविवारी, निरोपाचा कार्यक्रम. जुन्या गाण्यांचा ऑर्केस्ट्रा, सत्कार, जेवण.

इथवर ठीक. पडू द्या, पत्रे तर केव्हाचेच उडालेत. पण खाली ओळ अशी: "त्या काळी आपल्या टॉकीजची जाहिरात रिक्षातून व्हायची. त्यात एका बाईच्या आवाजातली रेकॉर्ड वाजायची. ती वडिलांनी खास मुंबईहून आणली होती. कोणाकडे असल्यास कळवावे. नसल्यास अमरावतीच्या निवेदिका तसा आवाज काढून दाखवतील."

शेंगांचं टोपलं कलंडलं. पाय लागला. मुद्दाम नाही. बहुतेक.

यांना म्हटलं, "रेकार्ड म्हणे! मुंबईची! अहो, मी होती ते!"

हे पेपरातून मान वर न करता, "मले ठाऊक हाय ना. लग्नाच्या आधीच सांगतलं होतं तुह्या बाबानं."

"तुम्हाले ठाऊक असून काय फायदा? गावाले कुठं ठाऊक हाय?"

यावर ह्यांनी पान उलटलं.

६ जाने., मंगळवार

सगळं लिहूनच ठेवते. नाहीतर उद्या माझंच मला खोटं वाटायचं.

बाबांची तीनचाकी रिक्षा. तिच्यावर दोन मोठ्या पाट्या, वरून एकमेकींना टेकलेल्या, खोपटीसारख्या. बाहेरून दोन्हीकडे सिनेमाची पोस्टरं, वर भोंगा. आत फळीवर मी. पायाशी बॅटरी, मांडीवर भोंग्याचं मशीन, हातात माइक. पुढे बाबा पायडल मारणार. बाहेरून मी कोणाला दिसायची नाही. मला दिसायची बाबांची पाठ आणि फटीतून येईल तेवढा रस्ता.

आधी बाबाच बोलायचे. त्यांचा घसा बसला म्हणून एक दिवस मी बोलले. नववीत होते, शाळेत कविता म्हणायची त्याच ठसक्यात बोलले. त्या संध्याकाळी टॉकीजमध्ये लोक भिंतीला टेकून उभे. मोठे शेठ, म्हणजे राजूचे वडील, बाबांना म्हणाले, "लक्ष्मण, उद्यापासून हाच आवाज." आवाज कोणाचा ते त्यांना पक्कं माहीत होतं.

पण आमच्या वस्तीतली पोरगी बाजारभर माइकवर बोलते हे कळलं असतं तर पोरांनी रिक्षाचा पाठलाग केला असता आणि नातेवाइकांनी बाबांचा. म्हणून कोणी विचारलं की बाबा अगदी शांतपणे, "रेकार्ड हाय भाऊ. मुंबईहून आणली शेठनं." मी आत ओढणी तोंडात कोंबून हसायची.

आणि शेवटी रोज ठरलेलं: "आज शेवटचा दिवस!" सिनेमा पुढे पंधरा दिवस चालला तरी रोज शेवटचाच दिवस. लोकांनाही माहीत होतं. कालचा शेवटचा दिवस चुकला तर आजच्या शेवटच्या दिवसाला यायचे.

त्या भोंग्यावर गाव जेवायला बसायचं नि उठायचं. तो माझा आवाज होता. बस.

९ जाने., शुक्रवार

गुंफाचा फोन. माझ्या वस्तीतली मैत्रीण, हापशीवर माझ्याशी भांडत मोठी झाली, सासरही नेरातच मिळालं. तिच्या घरी कार्यक्रमाची पत्रिका आली. तिने वाचून दाखवली, आणि एका ओळीवर थांबली. "महिलांसाठी खास खेळ सुरू करणारे दूरदृष्टीचे शेठजी."

"आता बोल," म्हणाली.

काय बोलू? अंगाचा नुसता तिळपापड. रेकॉर्डचं एक वेळ समजू शकते, तो बाबांचा प्रताप. पण हे?

टॉकीजमध्ये बायकांची बाजू होती. म्हणायला. मधे कनात. कनातीवरून शिट्ट्या यायच्या, शेंगदाण्याची फोलपटं यायची, आणि खेळ सुटला की दारातच टवाळांचा घोळका. घरून कोणी बायांना पाठवायचंच नाही. माझी आई कधी आत गेली नव्हती, आणि तिचीच लेक रोज साऱ्या गावाला सिनेमाला बोलवत होती. हापशीवर बाया मलाच गोष्ट विचारायच्या, मी ती बादली भरेपर्यंत सांगायची.

तेव्हा एकदा बाजाराचा दिवस होता. चौकात रिक्षा थांबली. खेड्यांवरून आलेल्या बाया हातात पिशव्या घेऊन पोस्टरांकडे बघत होत्या, मला फटीतून दिसत होत्या. बघून पुढे जात होत्या. माइक हातातच होता.

"आज दुपारचा खेळ फक्त बायांसाठी! एकही माणूस आत येणार नाही! लेकरं आणा, भाकरी आणा, निवांत बसा!"

पायडल थांबलं. बाबांची पाठ ताठ झाली. मान न वळवता, "कोणाले इचारून बोलली वं?"

"कोणालेच नाही."

"मंग आता?"

"आता पुन्हा सांगू का?"

बाबांनी पायडलवर पाय ठेवला. मग, "सांग. पण नीट सांग. पेठेतही जाऊ."

टॉकीजवर पोचलो तोवर शेठ दारात लालबुंद. बाबांना काय काय बोलले ते लिहीत नाही. पण तेवढ्यात बाया यायला लागल्या. कापसाच्या जिनिंगमधल्या आल्या, पेठेतल्या आल्या, बाजाराच्या पिशव्यांसकट खेड्यातल्या आल्या. रांग वळून रस्त्यावर गेली. शेठनी रांगेकडे पाहिलं, मिशीवरून हात फिरवला, आणि दारावरच्या माणसाला म्हणाले, "पुरुषांचं तिकीट बंद कर."

त्या रांगेत माझी आई होती. भाकरी बांधून आणली होती. तशीच परत घेऊन गेली, खायचं विसरून गेली.

मग दर बाजाराच्या दुपारी बायकांचा खेळ. वर्षानुवर्षं. गुंफा म्हणाली, "तू काहून सांगत नाही? एक फोन कर राजूले."

"मी मागायले जानार नाही."

"मंग बस फुगून," म्हणाली आणि फोन ठेवला.

१४ जाने., बुधवार

शेजारच्या सुनेने तिळगूळ दिला. गोड बोला म्हणे. आज नाही जमणार, उद्या बघू.

१५ जाने., गुरुवार

जमलं नाहीच. ह्यांनी मला न विचारता राजू शेठला फोन लावला. मी अंगणात पापड वाळत घालत होते, आतून यांचा गोड आवाज. "नाही नाही राजूभाऊ, आमच्या घरातलीच गोष्ट हाय म्हणून..."

राजू शेठ म्हणे अगदी आदराने बोलला. "काकाजी, असे फोन बरेच येऊन राह्यले. कोणाच्या मावशीचा आवाज होता, कोणाच्या आजीचा. काही पुरावा असला तर सांगा, मी आनंदानं जाहीर करतो."

"पुरावा!" मी ह्यांच्यावरच उखडले. "मी मागायले गेली होती का? तुम्ही कायले गेले?"

"मी माह्या बायकोसाठी गेलो," म्हणाले. मी उठून पापडांपाशी जाऊन बसले.

पुरावा कुठून आणू? बाबा गेले, मोठे शेठ गेले, रिक्षा भंगारात. आज पहिल्यांदा बाबांचाच राग आला. इतकं छान लपवलंत मला, बाबा, की आता मीही सापडेना. राग आला आणि लगेच रडू आलं. पापडांवर कावळा बसला होता तेही दिसलं नाही.

१८ जाने., रविवार

आज हे आमच्या गायन पार्टीच्या जुन्या मंडळींना भेटायला गेले. घरात कोणी नाही असं बघून मी धान्याच्या खोलीत गेले, दार लावलं, आणि बोलून पाहिलं. "या हो या, नेरकर मंडळी..."

आवाज फाटला. पुन्हा. पुन्हा फाटला. वरची पट्टी गेली कुठे? अंगणवाडीत जन्मभर लेकरांवर ओरडून घसा कसा व्हायचा तसाच झालाय.

खरं तर टॉकीजनंतर माझा आवाज काही कोपऱ्यात पडला नव्हता. लग्न होऊन आर्णीला आले, हे पेटीवर, मी माइकवर. आमची भीमगीतांची पार्टी. जयंतीला पांढरकवड्यापासून नेरपर्यंत बोलावणी. समोरच्या पार्टीशी सवाल-जवाब व्हायचे, पहाट व्हायची, आम्ही हरायचो नाही. आमची कॅसेटही निघाली, तिच्यावर माझा फोटो होता! डोळे मिटलेले आलेत, पण फोटो होता. पुढे लोक कॅसेटी विसरले. मांडवात भाड्याचा रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ यायला लागला, मग घरोघर केबल, आता ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल. टॉकीज पण अशीच हळूहळू रिकामी झाली. मी प्रत्येक ठिकाणी आवाज दिला आणि प्रत्येक ठिकाणी तो चालला. मग आजच काय झालं याला?

खाली बसले. बाबा काय शिकवायचे ते आठवलं. समोरच्या घराशी बोलायचं नाही, त्याच्या मागच्या घराशी बोलायचं. मयतीचं घर आलं की माइक बंद, ते घर ओलांडेपर्यंत. चौकात घाई करायची नाही, माणसाला हातातलं काम ठेवायला वेळ द्यायचा.

घाई न करता बोलले. धान्याच्या पोत्यांच्या मागच्या भिंतीशी. खालच्या पट्टीत आला. जाड आलाय, पण आला.

कोणाला सांगितलं नाही. ह्यांना तर नाहीच, लगेच फोन लावतील.

२१ जाने., बुधवार

आज जे झालं ते झालं! हसता हसताच लिहितेय.

दुपारी ग्रुपवर एका रिटायर कंडक्टरने लिहिलं, "त्या रेकॉर्डला एकदा मिरची बाजारात शिंक आली होती. कोणाला आठवते का?"

बापरे. मी विसरलेच होते! लाल मिरचीचे ढीग लागलेले, वारा सुटला, दोन पाट्यांच्या फटीतून खकाणा थेट नाकात. "आज शेवटचा दि..." आणि शिंक. भोंग्यातून. मग दुसरी. मग लागोपाठ. सारा बाजार थांबला. बाबा पायडलवर उभे राहून म्हणाले, "मुंबईच्या बाईले सर्दी होती भाऊ, रेकार्ड भरतानी!" आणि लोकांना ते पटलं! मिरचीवाले स्वतः शिंकत होते तरी पटलं!

ग्रुपवर धमाल. "हो हो, मी होतो." "माझ्या आईने दृष्ट काढायला सांगितलं होतं रेकॉर्डची." हसणाऱ्या तोंडांच्या नुसत्या रांगा. मग एका बाईंनी, शिक्षिका होत्या बहुतेक, साधा प्रश्न टाकला. "रेकॉर्डमध्येच शिंक असती तर रोज त्याच जागी आली असती. एकाच दिवशी कशी आली?"

मी मोबाइल घट्ट धरून बसले.

आणि मग गुंफाचा आवाजाचा मेसेज. जी बाई रोज सकाळी फुलांच्या चित्राशिवाय काही पाठवत नाही, ती गर्जली, "कारन का ते रेकार्ड नव्हतीच! ते आमची कुंदा होती, लक्ष्मण रिक्षावाल्याची! अन् बायांचा खेळही तिनंच लावला. मी होती त्या रांगेत. माह्यावानी दहा बाया अजून जिवंत हायेत, इचारा!"

मी तो मेसेज पुन्हा पुन्हा ऐकला. ह्यांना ऐकवला. दुधवाल्यालाही ऐकवला, त्याचा काही संबंध नसताना.

२२ जाने., गुरुवार

राजू शेठचा फोन. स्वतःहून.

"काकू, माफ करा. मला खरंच माहीत नव्हतं. बाबांनी घरातही रेकॉर्डच सांगितलं होतं." मग सत्कार, शाल, नारळ, स्टेजवर निवेदिकेच्या शेजारी खुर्ची.

म्हटलं, "स्टेज नको. रिक्षा पाहिजे. चौकापासून टॉकीजपर्यंत. भोंगा अन् माइक."

खूश झाला. "वा काकू! व्हिडिओ काढू आपण!"

मग मी म्हटलं, "अन् ते पत्रिकेतलं? बायांच्या खेळाचं?"

मग हळू आवाजात, "तेवढं राहू द्या ना काकू. बाबांनी टॉकीज उभी केली, ते कोणाच्या लक्षात नाही. लोक नाव घेतात ते त्या एकाच गोष्टीसाठी. मी भाषणही तेच लिहिलंय."

काय म्हणणार? त्यालाही त्याचे बाबा आहेत. आणि खरं सांगायचं तर मोठ्या शेठनी त्या दिवशी मनात आणलं असतं तर खेळ बंदही करता आला असता. केला नाही. रांग पाहून केला नाही, पण केला नाही.

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. "भेटू रविवारी," एवढंच.

२४ जाने., शनिवार. नेर. गुंफाच्या घरी.

बसने दुपारी आलो. गुंफा ज्येष्ठमध चघळायला देते, वर घशाला पट्टी बांध म्हणते, स्वतः मात्र थांबत नाही, फोनवर फोन. "पांढरा पदर घेऊन कायले येतं, चांगलं लुगडं नेस." "सुनेले सांग खुर्ची घेऊन ये." उद्या चौकात कोण कोण येणार ते तिने ठरवून टाकलंय. मी विचारलं तर, "तू आपला घसा सांभाळ."

संध्याकाळी टॉकीजमध्ये जाऊन आले. पडद्याची भिंत आहे, पांढरी कमी, कबुतरांची जास्त. बायकांच्या बाजूचं दार वेगळं काढलं होतं पुढे, ते अजून आहे. त्याची चौकट कोणी तरी निळी रंगवली होती, त्या रंगाचे पोपडे हातात आले. आई इथून आत जायची, दर बाजाराला, डोक्यावर पदर घेऊन, पुढे पुढे तर पदरही न घेता. मला त्या दारापाशी उभं राहून इतका अभिमान वाटला की आजूबाजूला कोणी आहे का ते बघून मी ती चौकट थोपटली.

हे बाहेरून म्हणाले, "काय करून राह्यली तिथं?"

"काही नाही. येऊन राह्यली."

२५ जाने., रविवार. सकाळ.

रिक्षा दारात. बॅटरीवर चालणारी, झेंडूच्या माळा, वर भोंगा. आणि दोन्ही बाजूंना पाट्या! अगदी तशाच, वरून टेकलेल्या, जुन्या पोस्टरांची मोठी छायाचित्रं लावून. राजू शेठने हौसेने करून घेतल्यात. डेकोरेशनवाला सांगतो, "मावशी, तुम्ही आत बसा, एकदम जुन्यावानी. लोकायले दिसनारच नाही तुम्ही, टॉकीजवर उतरल्या की सरप्राइज!"

क्षणभर वाईट वाटलं त्याच्यासाठी, फार मेहनत घेतलेली दिसत होती.

"काढ," म्हटलं.

"काय?"

"पाट्या. दोन्ही."

तो ह्यांच्याकडे बघायला लागला. हे म्हणाले, "काढ बाबू. आता माहं बी ऐकत नाही ते." पक्कड आणली, तारा कापल्या. आता रिक्षा चारी बाजूंनी मोकळी. गुंफाने माझी खुर्ची मधोमध ठेवली, बाहेर तोंड करून. सगळ्या गल्लीत मी दिसते आहे. पोरं आत्ताच मोबाइल धरून उभी.

माइक बघून घेतला. चालतो. आवाज अजून काढला नाही, जो काढायचा तो चौकातच. वर चढेल की फाटेल, माहीत नाही. जाड तर जाड. मागच्या घराशी बोलायचं, घाई नाही करायची.

"आज शेवटचा दिवस" म्हणायचंच आहे. किती वेळा म्हटलं असेन. आज पहिल्यांदा ते खरं असेल.

गुंफा सांगत आली, बाया चौकात येऊन बसल्यात. त्या रांगेतल्या. काहींना सुनांनी हाताला धरून आणलंय, एकीने डबा बांधून आणलाय म्हणे. राजू शेठही तिथेच उभा आहे, भाषणाचा कागद हातात घेऊन.

हे चप्पल घालता घालता विचारतात, "अन् बायांच्या खेळाचं? ते बोलनार हायेस का? राजूले इचारलं का?"

रोजनिशी पिशवीत टाकते. रिक्षावाला हॉर्न वाजवून राह्यला.

नाही विचारलं. कोणालाच नाही.